उसाच्या पंपघरात जपलेलं गाणं

मेहेरबाई जाधवांची आणि माझी पहिली भेट एका मयताला झाली. म्हणजे मयत कुणाचंच नव्हतं. मला तसं वाटलं होतं.

मी मलकापुरात मामांच्या घरी चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. हायवेच्या कडेला एकसारख्या दिसणाऱ्या इमारती आहेत, त्यातल्या चुकीच्या इमारतीत शिरले. जिना चढताना वरून बाईमाणसाचा आवाज आला. लांबच लांब हेल, मध्येच गळा तुटल्यासारखा व्हायचा आणि परत चढायचा. आमच्या भागात माणूस गेलं की बायका असाच हेल काढून रडतात, गेलेल्याचे गुण गात. असा आवाज कानावर पडला की ओळख असो-नसो, चपला दाराबाहेर काढायच्या, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसायचं, ही लहानपणापासूनची सवय. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि उघड्या दारातून आत जाऊन बसले. सतरंजीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई डोळे मिटून गात होत्या, आणि खुर्चीत एक वयस्क गृहस्थ पेपर वाचत होते. दुःखाच्या घरी कुणी पेपर वाचत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. आवाज थांबला तसं मी खाली मान घालून विचारलं, "कवा झालं?"

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, ओढणीकडं बघितलं, आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "आवं, आनि एक आली बघा."

गृहस्थ म्हणजे बाईंचे यजमान, वसंतराव अप्पा. पेपरातून मान न काढता ते म्हणाले, "येऊ द्या. च्या टाकतो."

तो चहा प्यायला मी बसले ती बसलेच. पत्रिका मामांकडं पोचली नाही आणि मामा लग्नालाही आले नाहीत. त्यांचा राग अजून आहे.

गौरवग्रंथ समितीनं मला सांगितलंय की बाईंचं कार्य, बाईंची मूल्यं आणि बाईंचा जिव्हाळा असं क्रमानं लिहा, प्रत्येकाला एखादा प्रसंग जोडा. मी क्रमानं असं आयुष्यात फारसं काही केलेलं नाही, शाळासुद्धा नाही. तरी प्रयत्न करते. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गेलं वर्षभर त्या घरात एकच विषय होता, बाईंचा गळा. गळ्यात थायरॉईडची गाठ होती, ती काढायला हवी होती, आणि ती काढताना गाणं राहील की जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बाई पंचाहत्तरीच्या. त्यांचं शिकवायचं संपत आलेलं, पण संपलेलं नाही. शिष्या म्हणाल तर मी एकटीच. त्यामुळं या लेखात गौरवाबरोबर थोडा शीणही असेल. तो काढून टाकला तर जे उरेल ते बाईंविषयी खरं नसेल.

मेहरनूशबाई मूळच्या इराणातल्या इस्फहानच्या. तरुणपणी शिकायला पुण्यात आल्या. तिथं कोरेगावजवळच्या गावातले, इंजिनिअरिंग शिकणारे वसंतराव भेटले. पुढं लग्न झालं. मेहरनूश हे नाव सासरी कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून आधी म्हेर झालं, मग मेहेर, आणि पाटबंधारे खात्यातल्या अप्पांच्या बदल्या संपून मलकापूरला फ्लॅट घेईपर्यंत मेहेरबाई. मराठी त्या शिकल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाईंकडून, शालनकाकींकडून, चुलीपुढं आणि गोठ्यात. त्यामुळं बाई अस्सल कोरेगावचं मराठी बोलतात. एकदा शहरातल्या एका चर्चासत्रात विद्वान मंडळींनी त्यांना अदबीनं विचारलं की आपल्या संगीताचं आणि आमच्या संगीताचं नातं आपण कसं सांगाल? बाई म्हणाल्या, "भावकी हाय. वाटण्या लय मागं झाल्यात, पर चेहरा जातोय व्हय?" सभागृहात टाळ्या. बाईंना टाळ्या का, ते कळलं नाही.

त्या जे गातात ते इराणचं जुनं शास्त्रीय गाणं. रदीफ म्हटलं की आपल्याला गझलेच्या ओळीचा शेवट आठवतो. तिकडं गाण्याच्या सगळ्या साठवणीला रदीफ म्हणतात. त्यात सात मोठी कुळं, त्यांना दस्तगाह म्हणायचं. प्रत्येक कुळात लहान लहान जागा, त्यांना गूशे म्हणायचं. गूशे म्हणजे कोपरा. गाणारा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत फिरत वर चढतो आणि शेवटी घरी परत येतो. मला हे गाणं का धरून राहिलं, ते यातच असावं. मी विट्याकडची. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायचं काम, आणि त्यासाठी देशभर दुकानं. वडलांचं दुकान जिथं हलेल तिथं आम्ही. तामिळ शाळेत काही महिने, हिंदी शाळेत काही महिने, मग घरीच. मलाही एका जागी बसवत नाही. पण हे माझं राहू दे, बाईंवर येते.

हे गाणं वहीत उतरवून शिकवत नाहीत. उस्तादांनी गायचं, शिष्यानं गप्प बसून ऐकायचं, मग गायचं. छातीतून छातीत, असं त्याला म्हणतात. मोबाईलवर का घेत नाही, हे सगळेच विचारतात. घेतलंय की. अप्पांनी घेतलंय, मी घेतलंय. पण मोबाईल काही "न्हाई, परत" असं म्हणत नाही. आपण चुकीचं गायलो तरी तो आपलं त्याचंच गात राहतो.

आता त्या "आनि एक आली"ची गोष्ट. ती मला शालनकाकींनी सांगितली. काकी अजून गावी असतात, आणि मलकापूरला आल्या की पहिला तासभर नुसत्या हायवेच्या आवाजाला शिव्या देतात.

"नवी नवरी," काकी सांगत होत्या, "पयल्याच सकाळी सोप्यात बसून सूर लावला. मी भाकरी थापत व्हते. बघतीया तर दारात भावकी! बायका पदर घिऊन बसाय लागल्या. शेजारचे तात्या तर कापड आनाया कोरेगावला निघाले. मी पिठाच्या हातानं पळत जाऊन सायकल धरली. म्हटलं, आवं तात्या, मागं फिरा, कोन मेलं न्हाई, नवरी गातीया!"

"मग तात्या काय म्हणाले?"

"म्हणालं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

बाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, काय मान हाय हितं गाण्याला! पयल्या दिवशी सगळा गाव ऐकाय आला!"

सासूबाईंनी त्यावर निकाल दिला की गा, पण गावाच्या कानापासून लांब गा. लांब म्हणजे शिवारात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. नव्या नवरीनं एकटीनं जायचं नाही, म्हणून शालनकाकींनी बरोबर जायचं. झालं. अप्पांच्या नोकरीतल्या बदल्यांची मधली वर्षं सोडली तर बाईंचा बराचसा रियाज त्या पंपघरात झाला, चारी बाजूंनी ऊस. त्यात एक अडचण होती. लाईट असली की मोटार चालू, आणि मोटार चालू असली की कानठळ्या. म्हणून लाईट गेली की रियाज. उसाला पाणी पाहिजे तर लाईट यायला पाहिजे, आणि बाईंना गायचं तर ती जायला पाहिजे. सगळं शिवार लाईटच्या नावानं बोटं मोडत असायचं, आणि ही एकटी खुशीत खोलीत शिरायची. काकी बाहेर बांधावर गवत कापत बसायच्या. पुढं पुढं गावाला त्याची इतकी सवय झाली की लाईट आहे का बघायला कुणी बटण दाबत नसे. म्हेर गायला लागली म्हणजे गेली.

तिकडं इराणात राज्य बदललं आणि बाईमाणसानं पुरुषांपुढं एकटीनं गायला बंदी झाली. बाईंच्या उस्ताद स्वतः बाईच होत्या. त्यांची मैफल बंद झाली, त्या घरात दार लावून मुलींना शिकवत राहिल्या आणि तशाच गेल्या. मेहेरबाई यावर भाषण करत नाहीत. कुणी विचारलं तर पाणी मागतात. एकदाच, मी काही न विचारता, म्हणाल्या होत्या, "त्या तिकडं दार लावून गायच्या, मी हितं दार लावून गायची. माझं बरं व्हतं. माझ्या दाराबाहीर शालन व्हती."

मूल्यांविषयी लिहायचं तर मला सांगलीचा कार्यक्रम आठवतो. बाईंना कार्यक्रम फार मिळाले नाहीत, आणि जे मिळाले त्यांनी त्यांना दमवलंच. फलकावर कुणी 'इराणी कव्वाली' लिहायचं, कुणी 'इराणची कोकिळा'. कव्वाली नाही हो, असं त्या दर वेळी न चिडता सांगत आल्या. इतकी वर्षं तेच ते सांगायचं म्हणजे माणसाच्या खांद्यांना कळतं. तर सांगलीला आयोजकांनी मोठ्या मनानं तबल्याची साथ ठेवलेली. तबलजी तरुण, तयारीचे, सज्जन. बाईंनी सुरुवात केली. या गाण्याचा मोठा भाग ठेक्याशिवाय असतो, कवितेच्या वजनावर चालतो. तबलजी हात उचलून समेची वाट बघत बसले. सम येईना. त्यांच्या कपाळावर घाम. साथीला बसलेल्या माणसाचा धर्म असतो, गाणारा तालातून सुटला तर लोकांना कळू न देता त्याला सावरून घ्यायचं. त्यांनी तो धर्म पाळला. हळूच ठेका धरला. लोकांना हायसं वाटलं आणि तेही टाळीनं साथ देऊ लागले.

बाई थांबल्या नाहीत की त्यांच्याकडं रागानं बघितलं नाही. त्या आपल्या कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरत राहिल्या आणि ठेका त्यांच्या मागं मागं. कार्यक्रम संपल्यावर ते बिचारे आत येऊन पाया पडायला लागले. बाईंनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. म्हणाल्या, "दादा, तुमी मला हुडकायला आला व्हता. लय बरं वाटलं. पर मी हरवलेच न्हवते."

पुढं ते दादा कितीतरी रविवार मलकापूरला येऊन नुसतं ऐकत बसायचे. साथीला नाही. ऐकायला.

जिव्हाळ्याचं सांगायचं तर माझ्या आईचं सांगावं लागेल. मी बाईंकडं शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या घरी कुणाला पटेना. शेवटी आई विट्याहून मला न्यायला आली. स्थळ आलेलं. आईनं दारातच सुरू केलं, "आवं बाई, पोरीच्या पायाला भिंगरी हाय. दहा ठिकाणं झाली. आता तुमी तरी सांगा हिला."

बाईंनी गूळ-पाणी दिलं, मग बिनदुधाचा चहा आणला. त्यांच्या माहेरी खडीसाखर दातात धरून वरून चहा पितात. इथं त्या गुळाचा खडा धरतात. आईला ते बघून हसू आलं. बाईंनी तिलाही एक खडा दिला. दोघी दातात गूळ धरून चहा प्यायल्या आणि तेवढा वेळ आईला बोलता आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "भिंगरी हाय, खरं हाय. पर आय, हिनं हितलं एक तरी अर्ध्यात सोडलंय का? मला सांगा, मी हिला आजच्या आज एस्टीत बसवते."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी बाईंकडं. आई रात्रीच्या स्वैपाकाची वेळ होईल म्हणून एकटीच परत गेली, जाताना एवढंच म्हणाली, "गूळ चांगला हाय. कुठनं आनता?"

हे सगळं झालं तेव्हा माझी सहा दस्तगाह झाली होती. सातवं राहिलं होतं, सेगाह. आणि त्याच सुमाराला बाईंना गिळताना टोचायला लागलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. भले गृहस्थ, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली दिसतेय, ठेवून चालणार नाही, लवकर काढा.

"आवाज?" बाईंनी विचारलं.

"बोलता येईल."

"बोलतंय तर सगळं जगच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मग सुरू झालं ते लांबवणं. पावसाळा जाऊ दे. दिवाळी होऊ दे. सेगाह होऊ दे. बाहेर हायवे खणून ठेवलेला, घरभर धूळ, ती गळ्यात जाते म्हणून खिडक्या बंद, म्हणून उकाडा. अप्पा सकाळी गोळ्या मोजून द्यायचे आणि त्या घेईपर्यंत समोर बसायचे. परदेशातून मुलाचा फोन यायचा, बाई त्याला "व्हय, व्हय, करते की," म्हणायच्या आणि फोन ठेवून मला म्हणायच्या, "बस. परत." सगळे दमले होते. मीही. इतकं की कधी कधी वाटायचं, सरळ बॅग भरावी आणि वडलांचं दुकान असेल तिथं जावं.

सेगाहमध्ये वर चढत गेल्यावर एक जागा येते, मुखालिफ नावाची. इथवर खाली खाली दुखऱ्या आवाजात चाललेलं गाणं तिथं एकदम मान वर करतं. सगळा सेगाह त्या जागेसाठी असतो, असं म्हटलं तरी चालेल. तिथं गळ्याची तुटती फिरत लागते, तहरीर म्हणतात तिला, पाखरानं फांदीवरून फांदीवर उडी मारावी तशी. बाईंच्या उस्तादांची ही जागा नावाजलेली, आणि त्यांच्या शिष्यांत ती बाईंनी उचलली. ती मला द्यायची आणि मग मिरजेला जायचं, असं बाईंनी मनाशी ठरवलेलं. अप्पांनी मला गॅलरीत नेऊन हळू आवाजात सांगितलं, "गाठ वाढलीय. डॉक्टर म्हणतात आता अजून थांबलो तर बोलण्याचीसुद्धा खात्री नाही. ही ऐकत नाही."

मी विचार वगैरे फार करत नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणी मुखालिफच्या उंबऱ्याशी आली आणि मी गप्प बसले.

"गा," बाई म्हणाल्या.

"नाही शिकायचं मला पुढचं. आधी ऑपरेशन."

"रूपे, शानी हुईल तशी येडी हुतीस व्हय?"

"ऑपरेशन झाल्यावर शिकते."

"झाल्यावर काय शिकिवणार हाय मी? कप्पाळ?"

मी फक्त शिकायला नकार दिला. त्यानंतर रोज तेच. मी तिथवर गायची आणि थांबायची. बाई मला मोह पडावा म्हणून पुढचं स्वतः गायच्या, आणि मी उठून गॅलरीत जाऊन कानांवर हात ठेवून हायवेवरचा रोलर बघत उभी राहायची. इतकं सुंदर गाणं आत चाललेलं आणि आपण कान दाबून उभं राहायचं, याच्याइतकं दमवणारं काम मी आजवर केलेलं नाही. बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढायच्या, पण ताट जरा आपटून.

मग शालनकाकी आल्या. हायवेला शिव्या देऊन झाल्या. दोघी जावा सतरंजीवर बसल्या, मी दारात. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हेर, तू थांबलीस कशाला?"

"हिला द्यायचं ऱ्हायलंय."

"ही घेत न्हाई."

"न्हाई घेत. दगड हाय."

"मग आता कशाला थांबलीयास?"

बाईंनी सतरंजीची सुटलेली दशी ओढली.

"तुजा गळा मी समद्यांपरीस जास्त ऐकलाय," काकी म्हणाल्या. "उनात बसून ऐकलाय. मला त्यातलं काय कळत न्हाई, आन कळून घ्यायचं बी न्हाई. मला तू पायजेस. गानं ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे." आणि पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "च्या कर गं कुनीतरी."

बाईंनी त्या दिवशी मुखालिफ एकदा गायला. मला शिकवायला नाही, कुणासाठीच नाही. मी कान झाकले नाहीत, पण शिकण्यासारखंही ऐकलं नाही, ऐकलं एवढंच. झाल्यावर त्या म्हणाल्या, "आवं, गाडीवाल्याला फोन लावा. उद्या मिरजंला."

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आणि ती वाईट निघाली नाही, हे मोठं. आवाजाचं मात्र जे व्हायचं ते झालं. आधी नुसती हवा यायची. मग घोगरा, खालचा असा एक आवाज आला, चहा मागण्यापुरता. वरचा गळा आला नाही. अप्पा म्हणतात येईल. डॉक्टर म्हणतात बघू. बाई म्हणतात, "गेला तो. त्याच्या मागं लागू नगा."

मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा मला वाटलं होतं त्या बोलणार नाहीत. त्यांनी भिंतीवरचा सेतार काढायला सांगितला. सेतार म्हणजे आपली सतार नव्हे. लहानसं, बारीक आवाजाचं, एका बोटाच्या नखानं वाजवायचं वाद्य. त्यांनी त्यावर मुखालिफ काढला. पण तारेला गळा नसतो. ती तुटती फिरत तारेवर कळत नाही. मी अंदाजानं गायले. "न्हाई," बाई म्हणाल्या, घोगऱ्या आवाजात. परत गायले. "न्हाई." मी विचारायची, मग कसं? त्या हातानं दाखवायच्या, हवेत बोटं उडवायच्या, माझ्या गळ्यावर बोट ठेवून कुठं तुटायला हवं ते दाखवायच्या, पण गाऊन दाखवता येत नव्हतं. पूर्वी मी त्यांचा आवाज ऐकून त्याच्या मागून जायची. आता पुढं कुणीच नव्हतं. आणि मी चुकले की त्यांना किती त्रास होतो हे समोर बसून बघायचं. पुष्कळ दिवस गेले असे. दोघीही थकून भिंतीला टेकायचो. अप्पा येऊन पंखा वाढवून जायचे.

एका दुपारी मी गायले आणि "न्हाई" आलं नाही.

मी डोळे उघडले. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, सेतारच्या तारा पुसत होत्या. म्हणाल्या, "खस्ते नबाशी."

हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शालनकाकी तिथंच कलंडल्या होत्या, त्या उठून बसल्या. "काय म्हणाली?"

बाईंनी सांगितलं की हे त्यांच्या माहेरचं बोलणं. काम करणाऱ्याला, काम करून आलेल्याला म्हणतात. पाथरवटाला म्हणतात, पाववाल्याला म्हणतात, शिकवणी संपली की उस्ताद शिष्याला आणि शिष्य उस्तादाला म्हणतो. दमू नकोस. तुला थकवा न येवो.

"आपल्यात काय म्हणत्यात ह्याला?" बाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं असावं.

अप्पांनी बराच विचार केला. "आपल्यात असं काय म्हणत न्हाईत."

"दमलीस का, इचारत्यात," काकी म्हणाल्या. "दमू नगं, असं कोन म्हणतंय? दमायचंच की मानसानं!"

बाई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना ऐकलं. हसूसुद्धा घोगरं झालंय.

समितीला माझी एक विनंती आहे. समारंभात बाईंना "दोन ओळी तरी" म्हणून आग्रह करू नये. त्या पुढच्या रांगेत बसतील. सेगाह मी गाईन, येतो तसा, ठेक्याशिवाय. मुखालिफला पोचले तर पोचले. आणि ज्यांना इराणी कव्वाली ऐकायची असेल त्यांना दारातच सांगावं की ही कव्वाली नव्हे. बाईंनी आता ते सांगत बसू नये, त्यांचं सांगून झालंय. मी मलकापुरातच खोली घेतलीय. रदीफ सगळा झाला तरी पहिल्यापासून परत फिरायचा असतो, आणि त्यात "न्हाई" म्हणायला बाई हव्यात. दररोज, पुष्कळ वर्षं. माझा स्वार्थ आहे तो एवढाच, आणि तो मी लपवत नाही.

"खस्ते नबाशी"ला उलट उत्तर द्यायची रीत असते, हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं. मी नुसती बघत राहिले आणि बाईंनी ते मागितलंही नाही. अप्पांनी नंतर सांगितलं. ज्यानं आपल्याला दमू नको म्हटलं, त्याला म्हणायचं की तुम्ही धडधाकट असा. मोठ्यांना म्हणायचं तर सलामत बाशीद.

तर ते राहिलेलं उत्तर मी इथं, सगळ्यांच्या साक्षीनं देते. सलामत बाशीद, बाई.